कोशिंबीर वाटीभर खायची असेल तर जिन्नस कसे निवडावेत

पानात कोशिंबिरीची जागा डावीकडे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर असा क्रम, आणि वाढायची ती चमचाभर, फार तर दोन चमचे. तोंडी लावणं म्हणूनच ती खाल्ली जायची. त्यामुळे दाण्याचं कूट सढळ हातानं, साखर चिमटीहून थोडी जास्त, वरून खमंग फोडणी, हे सगळं चालून जायचं. चमचाभर कोशिंबिरीत असून असून किती असणार?

आता 'रात्री फक्त सॅलड' असं ठरवलं की तीच कोशिंबीर मोठ्या वाडग्यात येते आणि जुनं प्रमाण भाजीबरोबर वाढत जातं. काकडीचंच घ्या. पाव किलो काकडीत जेमतेम ४० कॅलरी असतात. तिच्यात तीन मोठे चमचे दाण्याचं कूट घातलं, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम, तर दीडशेच्या वर कॅलरी तिथेच आल्या. फोडणीला चहाचे दोन चमचे तेल, त्याच्या ८० ते ९०. दोन चमचे ओलं खोबरं आणि चमचाभर साखर धरली तर बेरीज तीनशेच्या आसपास जाते, आणि त्यात काकडीचा वाटा चाळीसचा. यात विषारी असं काही नाही. शेंगदाणा तर उत्तम अन्न आहे. पण वजन उतरवायला म्हणून हे खाणाऱ्याला आपण नक्की काय खातोय हे माहीत असलेलं बरं.

म्हणून पुढच्या सगळ्या निवडीमागे एकच सूत्र धरलंय: भाजी हवी तेवढी वाढवा, चवीचे जिन्नस मात्र चमच्यानं मोजूनच घाला. आपल्याकडच्या कोशिंबिरी, पचड्या, रायती, चटके आणि घोळणे यांत चांगल्या सॅलडला लागणारं सगळं आधीपासून आहे. परदेशी पानं आणि बाटलीतलं ड्रेसिंग आणायला लागतंच असं नाही.

आधी ठरवा, जोडीला की जेवण म्हणून

बाजारात जाण्याआधी हे ठरवावं, कारण त्यावर अर्धी यादी बदलते. पोळी-भाजी-आमटीच्या जोडीला खायची असेल तर कोशिंबिरीत प्रथिनं शोधत बसायची गरज नाही. ती आमटीतून येतात. दीडशे ग्रॅम ताजी भाजी, लिंबू, थोडी कोथिंबीर, एवढ्यानं काम होतं.

जेवणाऐवजी खायची असेल तर नुसती काकडी-टोमॅटो-गाजर चालणार नाही. दोन तासांत पोटात कावळे ओरडायला लागतात आणि मग फरसाणाचा डबा उघडला जातो. जेवणाच्या सॅलडात तीनशे ग्रॅमच्या आसपास भाज्या, प्रथिनांचा एखादा ठोस जिन्नस आणि मोजकं तेल किंवा तेलबी हवंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी जी आहारसूत्रं दिली, त्यांत दोन हजार कॅलरींच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत. घरातल्या तराजूवर ४०० ग्रॅम भाजी एकदा मोजून पाहा. आपल्या रोजच्या वाटीभर भाजीपेक्षा ती बरीच जास्त निघते.

भाजी निवडताना

मंडईत उभं राहून तीन प्रकारांतून एकेक उचलायचं: रसाळ काहीतरी (काकडी, टोमॅटो), कुरकुरीत काहीतरी (गाजर, मुळा, कोबी, सिमला मिरची, बीट) आणि हिरवा पाला. तिसरा प्रकार बहुतेक घरांत राहून जातो. कोथिंबिरीच्या चार काड्या वरून भुरभुरल्या की पाला झाला असं आपण धरतो.

काकडी मध्यम लांबीची, सडसडीत, हाताला घट्ट लागणारी घ्यावी. जाड, पिवळसर झाक आलेली काकडी जून असते, तिच्या बिया कडक असतात आणि पाणीही फार सुटतं. साल काढायची गरज नाही. ती नीट धुतलेली आणि कोवळी असेल तर सालीसकटच चिरावी, तंतूंचा मोठा भाग तिथंच असतो. चिरण्याआधी दोन्ही टोकांकडची एकेक चकती खाऊन बघायची. टोक कापून त्यावर चोळून फेस काढायची पद्धत घरोघरी आहे, पण खरी परीक्षा जिभेचीच. कडवटपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. काकडी कडूजहर लागली तर दही-साखरेत लपवायच्या फंदात न पडता सरळ टाकून द्यावी. हाच नियम दुधीला तर जास्तच कडक लावायचा. कडू दुधीच्या रसानं माणसं गंभीर आजारी पडल्याचं आपल्या देशात घडलेलं आहे.

कोकणातलं तवसं आणि देशावरचं वाळूक यांच्या मोसमात ती जरूर घ्यावीत. त्यांना बियांचा गर जास्त असतो, तो चमच्यानं काढून थालीपिठाच्या पिठात घालता येतो.

गाजरात दोन जाती बाजारात दिसतात. थंडीत येणारं लांब, लालबुंद गाजर गोड असतं आणि त्याचा रंग टोमॅटोतल्या लायकोपीन या रंगद्रव्यामुळे येतो. वर्षभर मिळणारं केशरी गाजर बीटा कॅरोटीनमध्ये (शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं) पुढे असतं. दोन्ही चांगली, मोसमातलं घ्यावं. मात्र कॅरोटीन असो की लायकोपीन, दोन्ही स्निग्धात विरघळणारी. गाजराची कोशिंबीर अगदी बिनतेलाची, बिनकुटाची केली तर त्यातलं बरंच अंगी लागत नाही. चहाचा एक चमचा तेल पुरतं. किसलेल्या गाजरातलं कॅरोटीन जाड कापलेल्या गाजरापेक्षा सोपेपणानं मिळतं, कारण पेशी फुटतात. पण त्याच कारणानं किसलेल्या भाजीतलं क जीवनसत्त्व हवेशी संबंध येऊन लवकर कमी होतं. यावर उपाय एवढाच की किसायचं ते खायच्या जरा आधी, सकाळी किसून संध्याकाळी नाही.

कोबीचा गड्डा आकारानं लहान, पण उचलल्यावर जड लागणारा घ्या. बाहेरची दोन-तीन पानं काढून टाकायची, गड्डा चार भागांत कापायचा आणि पानं सुटी करून धुवायची. अख्खा गड्डा नळाखाली धरून धुतल्यासारखं केलं तर आतल्या पापुद्र्यांतली माती तशीच राहते. सांडपाण्यावर वाढलेल्या, नीट न धुतलेल्या कच्च्या भाज्यांमधून जंतांची अंडी पोटात जातात ही भीती खरी आहे, आणि ती एकट्या कोबीपुरती नाही. गाजर, मुळा, कोथिंबीर, सगळ्यांनाच लागू.

मुळा घेताना पाल्यासकट घ्या. कॅल्शियम, क जीवनसत्त्व आणि कॅरोटीन यांत पाला कंदापेक्षा सरस असतो, आणि भाजीवाला तो मोडून फेकायच्या तयारीतच असतो! कोवळा पाला बारीक चिरून भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर कच्चाच छान लागतो.

बीट कच्चं किसूनही चालतं, उकडूनही. नंतर लघवीला लालसर रंग आला तर घाबरू नका, काही जणांना तसं होतं. मात्र बीट आणि पालक यांत ऑक्झलेट, म्हणजे मूतखड्याला हातभार लावणारं द्रव्य, बरंच असतं. ज्यांना मूतखड्याचा त्रास होऊन गेलाय त्यांनी कच्च्या पालकाची वाडगाभर सॅलडं टाळावीत. इतरांनीही पालक उकळत्या पाण्यातून काढून, पाणी टाकून, दह्यातली पचडी करावी. कच्च्या पालकापेक्षा ती मला चवीलाही उजवी वाटते.

आता पाला. खानदेश, विदर्भ, मराठवाडा या भागांत घोळणा करतात, तो माझ्या मते मराठी स्वयंपाकातलं सगळ्यात दुर्लक्षित सॅलड आहे. कोवळी मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचा किंवा करडईचा कोवळा पाला, जे असेल ते बारीक चिरायचं. त्यावर कच्चं तेल, तिखट, मीठ, थोडं कूट घालून हातानं घोळवायचं. झाला घोळणा. शिजवणं नाही, फोडणी नाही. भाकरीबरोबर मूठभर सहज जातो. मेथीची जुडी निवडताना पानं लहान आणि गोलसर, देठ कोवळा, फुलं न आलेली अशी बघावी. फुलोऱ्यावर आलेली मेथी कडू लागते.

आइसबर्ग लेट्युसबद्दल एवढंच की त्यात मुख्यतः पाणी असतं. कुरकुरीतपणासाठी घ्यायचा असेल तर घ्या, पण 'हेल्दी' म्हणून मेथी-कोथिंबिरीच्या कितीतरी पट पैसे मोजायचं कारण नाही. परदेशात राहणाऱ्यांना मात्र केल (kale) हा कोबीच्या कुळातला पाला स्वस्तात मिळतो. त्याची जाड शीर काढून, पानं बारीक चिरून मीठ-लिंबू लावून दोन मिनिटं चुरली की त्याचाही घोळणा होतो.

धुण्याचं काम

साबण किंवा भांड्यांचा लिक्विड साबण भाज्यांना लावू नये, तो भाजीत मुरतो. पाण्याखाली धरून हातानं चोळणं हाच खरा उपाय. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवल्यानं अळ्या-किडे बाहेर येतात, जंतू मरतीलच असं नाही. पालेभाजीची जुडी आधी सोडवायची, मुळं कापायची, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हलवायची आणि पाला वर उचलून घ्यायचा. पाला तसाच ठेवून पाणी ओतलं तर खाली बसलेली माती पुन्हा पाल्यावर येते. पाण्यात रेती दिसेनाशी होईपर्यंत हे करायचं, तीन-चार वेळा तरी होतं. शेवटचं पाणी पिण्याचं असावं. नंतर पाला पंचावर पसरून कोरडा करा. ओला पाला टिकतही नाही आणि त्यावर तेल-लिंबू धरतही नाही.

पावसाळ्यात कच्चा पाला मी घेत नाही. चिखल उडालेला असतो, जुडी आतून सडलेली निघते. आषाढ-श्रावणात पालेभाज्या वर्ज्य करण्याच्या रिवाजामागचं मूळ काहीही असो, कच्च्या पाल्यापुरता तो पाळण्यात नुकसान नाही. तेव्हा काकडी, उकडलेला मका, वाफवलेला लाल भोपळा यांच्यावर भागवावं.

प्रथिनं: मोड, डाळी आणि बाकीचे

शाकाहारी घरात हा प्रश्न मोडांवर येऊन थांबतो, आणि तो तिथे थांबायला हरकत नाही. मूग आणि मटकी ही दोन सगळ्यात सोयीची. पन्नास ग्रॅम कोरड्या मुगात साधारण बारा ग्रॅम प्रथिनं असतात. मोड आल्यावर वजन दुपटीच्या आसपास जातं, ते पाण्याचं. प्रथिनं तेवढीच राहतात. म्हणून 'शंभर ग्रॅम मोड खाल्ले म्हणजे चोवीस ग्रॅम प्रथिनं' असा हिशोब करू नका. मोड आल्यानं फायदा होतो तो वेगळा: क जीवनसत्त्व तयार होतं आणि लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं.

करायची रीत अशी. मूग निवडून, धुऊन आठ ते दहा तास भिजवायचे. पाणी काढून, पुन्हा स्वच्छ पाण्यानं खळबळून, ओल्या सुती फडक्यात सैलसर बांधायचे. गच्च बांधले तर आतले गुदमरतात आणि चिकट होतात. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत दिवसभर लागतो. मग गाठोडं डाळ-तांदळाच्या डब्यांशेजारी उबेला ठेवावं. मोड अर्धा-पाऊण सेंटिमीटर आले की पुरे. उघडल्यावर वास गोडसर, हिरवा यायला हवा. आंबूस वास किंवा बोटाला तार लागली तर तो घाणा टाकून द्यायचा, धुऊन वापरायचा नाही.

आणि कच्चे खायचे नाहीत. हे पुष्कळांना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोड यायला ऊब आणि ओल लागते, जंतूंना वाढायलाही नेमकी तीच लागते. दाण्यावरच जंतू असतील तर वरून कितीही धुतलं तरी ते जात नाहीत. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय या पोटात जाणाऱ्या जंतूची मोठी साथ आली, तिचं मूळ मोड आलेल्या मेथ्यांपर्यंत पोचलं. त्या साथीत पन्नासहून अधिक माणसं दगावली आणि हजारो आजारी पडली. प्रगत देशातली, सुदृढ माणसं होती ती. तेव्हा मोड चाळणीत घालून, खाली पाणी उकळत असताना, पाच-सात मिनिटं वाफवून घ्यावेत. दाणा मऊ होतो पण फुटत नाही, थोडं क जीवनसत्त्व कमी होतं ते लिंबानं भरून निघतं. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना तर कच्चे मोड देऊच नयेत.

राजमा सॅलडात घालायचा तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरमध्ये पूर्ण शिजवूनच. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे जोरदार उलट्या होतात. वालाच्या डाळिंब्याही शिजवूनच घ्याव्यात. छोले, काळे हरभरे, चवळी ही शिजवून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. रविवारी एकदाच वाटीभर शिजवून ठेवले की आठवड्याची सुरुवात सोपी जाते.

उकडलेल्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ-दहा. पनीर परतून न घालता तसंच कुस्करून घातलं तर तेल वाचतं. शंभर ग्रॅम दह्यात तीन ग्रॅमच्या पुढेमागे. दही पाणी निथळून चक्क्याकडे झुकवलं तर तेवढ्याच वजनात जास्त प्रथिनं बसतात आणि कोशिंबीर पातळही होत नाही. गोव्या-कोकणाकडे सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर करतात, तीही प्रथिनांचीच कोशिंबीर म्हणायची. फक्त सुकी मासळी खारवलेली असेल तर वरून मीठ घालायचं नाही.

कूट, तेल आणि फोडणी

दाण्याचं कूट काढून टाकलेली कोशिंबीर मला मान्य नाही. त्यात प्रथिनं आहेत, चांगलं तेल आहे, आणि काकडीला सुटलेलं पाणी तेच धरून ठेवतं. प्रमाण मात्र माणशी एक मोठा चमचा, म्हणजे आठ-दहा ग्रॅम. कूट भरड असेल तर दाताखाली येतं आणि थोडक्यात चव लागते. अगदी पीठ केलं की ते हरवतं आणि हात पुन्हा डब्याकडे जातो.

शेंगदाणे निवडण्यात आपण निष्काळजी असतो. भाजण्याआधी परातीत पसरून बघा. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशीचा डाग असलेले, फोडल्यावर आत करडे दिसणारे दाणे काढून टाका. दमट जागी साठवलेल्या दाण्यांवर येणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि घरच्या भाजण्यानं पूर्ण जात नाही. एक खवट दाणा चावला की तोंड कडू होतं, तो थुंकून टाकायचाच. कूट महिन्याचं एकदम करून ठेवण्यापेक्षा आठवड्याचं करावं आणि फ्रिजमध्ये ठेवावं.

कुटाला आलटून-पालटून जवस, तीळ, कारळे वापरता येतात. जवसातल्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ गटातलं आम्ल असतं, पण अख्खं जवस जसं जातं तसं बाहेर पडतं. भाजून, वाटूनच घ्या. घरात जवसाची किंवा कारळ्याची चटणी असेल तर चमचाभर तीच कोशिंबिरीत घालावी. मीठ-तिखट-तेलबी एकदमच झालं.

तेल कोणतं, यावर घरोघरी भांडणं होतात. शेंगदाण्याचं, करडईचं, तिळाचं, घरात असेल ते चालेल. सॅलडासाठी महागडं ऑलिव्ह तेल आवडीचा भाग आहे, गरजेचा नाही. मोजायचं मात्र चहाच्या चमच्यानं: एक चमचा, चाळीस-पंचेचाळीस कॅलरी. फोडणी लहान कढल्यात करायची, मोठ्या कढईत तेल जास्तच ओतलं जातं. मोहरी तडतडली, हिंग-हळद-मिरची-कढीपत्ता पडला की गॅस बंद. धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल चव आणि गुण दोन्ही घालवतं.

ओल्या खोबऱ्याबद्दल मी जरा सैल आहे. चमचाभर खोबऱ्यानं काही बिघडत नाही. पण खोबरं, कूट, तूप तिन्ही एकाच वाडग्यात नको. त्यातलं एक निवडावं.

आंबट, खारट, गोड

लिंबू शेवटी पिळायचं, फोडणी निवल्यावर. गरम फोडणीवर पिळलं तर क जीवनसत्त्वाचं नुकसान, आणि तेच जीवनसत्त्व मोड-पालेभाज्यांतलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. लिंबू महागलं की किसलेला आवळा, कैरी, किंवा थोडं आंबट ताक. कोकमाचं आगळ वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्यात मीठ आधीच असतं.

मिठाची गंमत अशी की ते आधी घातलं की भाजीला पाणी सुटतं, कोशिंबीर पांचट लागते आणि आपण आणखी मीठ घालतो. वाढायच्या क्षणी घातलेलं मीठ जिभेला आधी लागतं, म्हणून कमी पुरतं. खमंग काकडीसाठी मीठ लावून पिळायचीच असेल तर ते पाणी कणकेत किंवा ताकात जाऊ द्या. त्यात पोटॅशियम आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं असतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सगळ्या जेवणांचं मिळून चहाचा सपाट चमचाभर. शेंदेलोण आणि काळं मीठ याच हिशोबात येतात, आणि चाट मसाल्यातलं मीठही.

साखरेऐवजी गोड गाजर, डाळिंबाचे दाणे, थोडा पिकलेला पेरू. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या चौपट. पेरूचं रायतं त्यामुळे नुसतं चविष्ट नाही. मनुका-खजूर मात्र मूठभर घातले तर साखर वाचवल्याचा आनंद फुकट जातो.

तयार ड्रेसिंगची बाटली घ्यायचीच असेल तर पुढची चित्रं सोडून मागची बारीक अक्षरं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिल्या तिनात तेल, साखर आणि पाणी असेल तर ते नेमकं काय आहे हे कळलंच. नेहमीच्या मेयोनेजच्या एका मोठ्या चमच्यात नव्वद-शंभर कॅलरी असतात. चक्का, मोहरीची पूड, लसूण, लिंबू आणि चिमूटभर मिरपूड फेटून दोन मिनिटांत त्याहून चांगलं काहीतरी होतं.

एक पूर्ण जेवण, मोजून

एका माणसासाठी: काकडी १०० ग्रॅम, गाजर ७५, कोबी ५०, टोमॅटो ५०, कांदा २५. चाळीस ग्रॅम कोरडे मूग भिजवून, मोड आणून, वाफवलेले. दही १०० ग्रॅम, कूट एक मोठा चमचा, फोडणीला चहाचा एक चमचा तेल, मूठभर कोथिंबीर, अर्धं लिंबू. याच्या साधारण पावणेचारशे कॅलरी होतात आणि प्रथिनं सतरा-अठरा ग्रॅमच्या आसपास. कष्टाचं काम असेल तर जोडीला ज्वारीची भाकरी घ्या, उपाशी राहण्याची पैज लागलेली नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी मूग वाफवून पूर्ण गार करा. गाजर किसा, कोबी बारीक चिरा, काकडी चोचवा, टोमॅटो सगळ्यात शेवटी, बिया काढून. भाज्या आणि मूग एकत्र करून फोडणी ओता, म्हणजे तेल प्रत्येक तुकड्याला लागतं. निवल्यावर कूट आणि कोथिंबीर, मग लिंबू. दही आणि मीठ पान घेतल्यावर.

हिवाळ्यात याच साच्यात मेथीचा घोळणा, मुळ्याचा पाला आणि मुगाऐवजी सोलाणे किंवा ज्वारीचा हुरडा बसतो. चैत्रात काकडी-कांद्यात किसलेली कैरी आणि भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ घाला. कच्ची डाळ पोटाला जड जात असेल तर दहा मिनिटं वाफवा. पावसाळ्यात मक्याचे उकडलेले दाणे, मटकी, तवसं आणि डाळिंब.

डब्यात नेताना

दही, मीठ आणि लिंबाची फोड छोट्या वेगळ्या डब्यांत. मोठ्या डब्यात तळाला मोड आणि गाजर-कोबी, त्यावर काकडी, सगळ्यात वर पूर्ण कोरडा केलेला पाला. चिरलेली भाजी आणि वाफवलेले मोड बाहेरच्या हवेत दोन तासांहून जास्त ठेवू नयेत, आणि एप्रिल-मे महिन्यात तर तासाभराच्या आत संपवावेत. ऑफिसात फ्रिज नसेल तर अख्खी काकडी, अख्खं गाजर आणि सुरी घेऊन जा. मोडांऐवजी भाजलेले फुटाणे न्या.

काही जणांनी मात्र हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करावं. रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी चालू असलेल्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण अचानक वाढवू किंवा कमी करू नये, कारण त्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना टोमॅटो, पालेभाज्या आणि कडधान्यांतलं पोटॅशियम मोजावं लागतं, आणि 'कमी सोडियमचं' मीठही त्यांनी परस्पर वापरू नये, त्यात पोटॅशियमच असतं. कोबी-मुळा-कांद्यानं ज्यांचं पोट फुगतं त्यांनी त्याच भाज्या पाच मिनिटं वाफवून, हिंगाच्या फोडणीत घेऊन बघाव्यात. दात नसलेल्या आजीसाठी काकडी किसून, गाजर वाफवून कुस्करून, मूग मऊ शिजवून तोच वाडगा करता येतो. त्यात कुटाऐवजी तिळाचं बारीक कूट घाला, ते ठसक्याला कमी लागतं.